बॅटरी कुठवर भरायची: घरच्या सोलरच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

काल नेट मीटर बसला, घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा. आज अप्पा खुर्ची टाकून मीटरसमोरच बसले होते. "अगो, आपली वीज खरंच गावात चाललीय का?" चालली होती. संध्याकाळपर्यंत निर्यातीच्या रकान्यात ७.४ युनिट.

काय काय बसवलंय ते लिहून ठेवते, नंतर विसरायला होतं. मागच्या पडवीच्या स्लॅबवर ५५० वॅटची ६ पॅनेलं, म्हणजे ३.३ किलोवॅट. ३ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलं, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची: १६ सेल, ५१.२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-अवर, कागदावर ५.१२ युनिट. पीएम सूर्यघर योजनेची ७८,००० सबसिडी यायची आहे. ती पॅनेलांवर. बॅटरीचे पैसे सगळे आपले.

नेट मीटर असताना बॅटरी कशाला, असं तिघांनी विचारून झालं. लाइन गेली की साधा सोलर इन्व्हर्टरही बंद होतो, डोक्यावर कितीही ऊन असो. ते मुद्दाम तसंच केलेलं असतं. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या स्लॅबवरची वीज लागायला नको. आणि दापोली तालुक्यात लाइन जाणं म्हणजे काय, हे ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर कुणाला सांगायला नको. तेव्हा आईंचं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवलं होतं. चालू कुपी बाहेर चालते, पण महिन्याभराचा न उघडलेला साठा? मी रोज त्या मडक्यात थर्मामीटर घालून बघत होते. बॅटरी त्यासाठी.

४ मार्च

चार्जिंगची वरची मर्यादा ८० टक्के केली. बसवून देणारा मुलगा म्हणाला होता, "मॅडम, शंभरच ठेवा, लिथियमला काही होत नाही." होतं. आपल्याला सवय जुन्या पाण्याच्या बॅटरीची. तिला भरलेलं राहायला आवडतं, अर्धवट ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं. लिथियमचं उलटं. भरलेली आणि गरम अशी दिवसेंदिवस पडून राहिली की ती वापराविनाच म्हातारी होते. कोकणात गरम तर ती असणारच. त्याने बॅटरी माळ्यावर टांगायचं ठरवलं होतं, कौलांखाली! मार्चमध्ये दुपारी तिथे ४१ अंश मोजले. मी ती माजघराच्या भिंतीला लावून घेतली. तिथे ३० ते ३१.

८ मार्च

चार दिवस ॲपवर बॅटरी ५५ टक्क्यांवर रुसून बसली होती. काही करा, ५५. काल रात्री नऊला ५४ आणि साडेनऊला एकदम १८!

आज दुपारी झाकण उघडून पाहिलं. बॅटरीकडून इन्व्हर्टरकडे जाणारी डेटा केबल शेजारच्या भलत्याच सॉकेटात. दोन्ही सॉकेट दिसायला सारखी, इंटरनेटच्या वायरसारखी. त्यामुळे इन्व्हर्टरला बॅटरीच्या बीएमएसकडून (सेलांवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट) काहीच कळत नव्हतं आणि तो नुसत्या व्होल्टेजवरून टक्केवारी ताडत होता. या जातीच्या बॅटरीत ती मधल्या टप्प्यात तशी नीट ताडता येत नाही. ३० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत अख्ख्या बॅटरीचं व्होल्टेज जेमतेम एका व्होल्टाने हलतं. त्यात पंखा लागला तरी आकडा ढळतो. म्हणजे मी घातलेली ८०ची मर्यादा चार दिवस हवेतच होती.

केबल योग्य जागी घातली, बॅटरीचा प्रकार "यूजर" होता तो "लिथियम" केला. लगेच ६३ टक्के, तापमान, सोळाही सेलचे आकडे, सगळं दिसू लागलं.

१६ मार्च, रविवार

मर्यादा पाळली जातेय आणि त्यातूनच नवीन दुखणं निघालंय.

सकाळी सातपासून पॅनेलं आधी बॅटरी भरतात. पावणेअकराला ८० होतात, भरणं थांबतं. तिथून पुढे सगळी वीज लाइनवर. आणि नेमकी तीच वेळ उन्हाच्या ऐन भराची. ११.२० ला इन्व्हर्टरवर लाल दिवा, ग्रिड ओव्हरव्होल्टेज, म्हणजे लाइनचं व्होल्टेज मर्यादेबाहेर. तुटला, थोडं थांबून परत जोडला, परत तुटला. दीडपर्यंत नऊ वेळा. तुटलेल्या वेळात बॅटरीही घेत नाही, कारण तिला ८०वर थांबायला मीच सांगितलंय. उन्हात पॅनेलं रिकामी बसलेली.

आमचं घर लाइनच्या शेवटच्या टोकाला. डीपी (वाडीचा ट्रान्सफॉर्मर) देवळापाशी, तिथून तारा वाडीतून वळसे घेत आमच्यापर्यंत येतात. वीज बाहेर ढकलायची तर आपलं व्होल्टेज लाइनपेक्षा थोडं चढवावं लागतं. तार जितकी लांब तितकं जास्त. वाडीत आणखी दोन घरांवर पॅनेलं आहेत, आणि दुपारी बारा वाजता वीज वापरणारं कोण असतं? सगळे जेवून पडलेले. आमच्याकडे निर्यात नसताना २४४ व्होल्ट, ११ ॲम्पिअर बाहेर जायला लागले की २५४. इन्व्हर्टरची मर्यादा २५३, म्हणजे २३०च्या वर दहा टक्के.

२३ मार्च

चुलतदिराने फोनवर सांगितलं, "वहिनी, सेटिंगमध्ये देश बदल, मर्यादा २६५ होईल, कटकट मिटली." नाही करणार. कायद्याचं राहू दे बाजूला, पण ते २६० व्होल्ट माझ्या घरात थांबत नाहीत. ते बाळूकाकांच्या फ्रिजमध्ये आणि शाळेच्या कम्प्युटरमध्ये जातात.

त्याऐवजी आठ दिवस दर दहा मिनिटांनी व्होल्टेजची नोंद केली (म्हणजे ॲपने केली, मी वहीत उतरवली) आणि त्याचा कागद वीज कंपनीकडे केलेल्या तक्रारीच्या अर्जाला जोडून दिला. अर्जाचं काय व्हायचं ते होईल. वायरमनदादा मात्र परवा बाळूकाकांकडे आले होते, त्यांना चहाला बोलावून कागद दाखवला. त्यांनी कागदाकडे फार पाहिलं नाही. आमच्या खांबाकडे पाहिलं.

"न्यूट्रलचा जंपर सडलाय तुमचा."

जंपर म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा. लाइन बंद करवून वर चढले. खाली आले तेव्हा हातात बोटभर लांब ॲल्युमिनियमचा तुकडा. एक बाजू चकचकीत, दुसरी खडूसारखी पांढरी. नखाने खरवडली की भुकटी पडायची. खारं वारं. समुद्र इथून अर्ध्या कोसावर. नवीन जंपर मारला, लग घासून आवळला. दुपारी त्याच उन्हात, तेवढ्याच निर्यातीला २५०. चहा आणि चार व्होल्ट!

३१ मार्च

काल पाडवा, आज वर्षअखेर. नेट मीटरचंही वर्ष आजच संपतं. बाहेर दिलेल्या युनिटांतून घेतलेली युनिटं वजा होतात, उरलेली पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण ३१ मार्चला जी उरतील त्यांचे कमी दराने पैसे मिळतात आणि खातं कोरं. आमचा एकच महिना झाला, गेली ती थोडीच.

पण यातून कोकणापुरतं एक कळलं. एप्रिल-मेमध्ये साठवलेली युनिटं पावसाळ्यात खाता येतात, छान. ऑक्टोबर ते मार्चची शिल्लक मात्र वर्षअखेरीला कमी भावात जाणार. तेव्हा मार्च महिन्यात काटकसर करण्यात अर्थ नाही. पोफळींना पाणी, इंडक्शनवर आमटी, काय ते उरकून घ्यावं.

दुसरा हिशेब त्याहून महत्त्वाचा. दुपारी दिलेलं एक युनिट रात्री एकास एक परत मिळतं. तेच बॅटरीत घालून रात्री काढलं तर जाता-येता मिळून सातवा हिस्सा उष्णतेत जातो. म्हणजे नेट मीटरवाल्याने बचतीसाठी बॅटरी रोज फिरवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. तिचं काम दोनच: लाइन गेली की घर धरायचं आणि दुपारी व्होल्टेज धरायचं. या दोन कामांचं भांडण कसं मिटवायचं तेवढं बघायचंय. पहिल्याला ती भरलेली हवी, दुसऱ्याला रिकामी.

१३ एप्रिल, रविवार

जंपरने भागलं नाही. ऊन चढलं तशी २५३ची गाठ पुन्हा पडायला लागली, दिवसाला चार-पाच वेळा. साधारण दोन युनिटं बुडतात.

मी इतके दिवस "किती टक्के" यावरच अडून होते. प्रश्न "किती वाजता" असा आहे. सकाळी सात ते अकरा व्होल्टेजला काही होत नाही, मिक्सर-पंप सगळ्यांचे चालू असतात. त्या वेळात बॅटरी भरून मी दुपारची जागा फुकट घालवत होते.

आजपासून वेळापत्रक असं. सकाळी सहा ते अकरा मर्यादा ५०, म्हणजे बॅटरी काही घेत नाही, सगळी वीज लाइनवर. अकरा ते दोन मर्यादा ८०, पण चार्जिंगचा करंट १० ॲम्पिअरला बांधलेला. ही गाठ महत्त्वाची, नाहीतर ५० ॲम्पिअरने अर्ध्या-पाऊण तासात जागा संपते आणि साडेबाराला पुन्हा रडगाणं. १० ॲम्पिअर म्हणजे अर्धा किलोवॅट, तीन तासांत दीड युनिट, बरोबर ३० टक्के. त्यात बारा ते पाऊण विहिरीचा एक एचपीचा पंप, तो आणखी एक किलोवॅट खातो. संध्याकाळी सात ते दहा घर बॅटरीवर, ८०वरून ५०वर. उद्याची जागा मोकळी.

रोज दीड युनिट फिरवण्यात पाव युनिटापेक्षा कमी जातं. वाचतात दोन.

अप्पा म्हणाले, "म्हणजे पाणी दुपारी सोडायचं? झाडांना भर उन्हात?" टाकी भरायची अप्पा, सोडायचं संध्याकाळीच.

२७ एप्रिल, रविवार

दोन आठवडे एकदाही तुटला नाही. खूश होऊन मर्यादा आज मुद्दाम १००वर नेली. गेल्या आठ आठवड्यांत बॅटरी एकदाही पूर्ण भरलेली नाही, आणि बीएमएसची मोजणी म्हणजे आत किती गेलं, बाहेर किती आलं याची वजाबाकी. चुका साठत जातात. वरचं टोक गाठलं की ती स्वतःला १०० म्हणून सुधारून घेते.

ॲपवर ९१ टक्के दाखवत असताना चार्जिंग धाडकन थांबलं. सेलचं पान उघडलं. पंधरा सेल ३.४०, ३.४१, ३.४२ असे शहाण्यासारखे रांगेत. अकरा नंबरचा ३.६१. वर्गात सगळे बेरीज शिकत असताना एकाने पुस्तक संपवून बाकावर उभं राहावं तसा. एका सेलने ३.६५ गाठू नये म्हणून बीएमएसने सगळ्यांचंच भरणं बंद केलं.

सेल बिघडलेला नाही. बीएमएस सेलना सारखं करण्याचं काम ३.४च्या वर गेल्यावरच करतो; खाली सगळे सारखेच दिसतात, काय सारखं करणार? ८०वर थांबवून मी ते काम आठ आठवडे होऊच दिलं नव्हतं.

चार्जिंग ५ ॲम्पिअरवर आणलं आणि दुपारभर तसंच वर धरून ठेवलं. सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या सेलमधला फरक २१० मिलिव्होल्ट होता, संध्याकाळी पाचला ८०. पुढच्या रविवारी परत. यापुढे एक आड एक रविवार बॅटरीचा. पेपर तपासायचे गठ्ठे त्या दिवशी इन्व्हर्टरसमोर घेऊन बसता येतात, एवढाच फायदा.

४ मे

फरक २५ मिलिव्होल्ट. पुरे.

११ मे

शून्य सावलीचा दिवस. साडेबाराच्या सुमारास अंगणात बारावीच्या चार मुलींबरोबर काठी उभी केली. सावली काठीच्या बुडाखाली. ऊन इतकं सरळ असूनही पॅनेलं २.५ किलोवॅटच्या वर जात नाहीत, कारण तापून लाल झालीत. मार्चमध्ये याहून जास्त मिळत होतं. मुलींना हे पटवायला अर्धा तास गेला.

२४ मे, शनिवार

हे नीट लिहायला हवं. चूक माझी.

२० तारखेपासून अवकाळी लागला होता. किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा, इशारे रोज येत होते. मी पेपर तपासणीत. बॅटरी आपल्या वेळापत्रकाने इमानेइतबारे चालू: संध्याकाळी सात वाजले, सुरू झाली रिकामी व्हायला. २१ला रात्री ९.४० ला वाऱ्यात लाइन गेली तेव्हा ५३ टक्के.

सकाळी सहाला २३. माझ्या हिशेबात फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि राउटर धरले होते. इन्व्हर्टर स्वतः ४५ वॅट खातो ते धरलंच नव्हतं. रात्रभरात तेच पावणेचारशे वॅट-अवर, फ्रिजच्या बरोबरीने!

२२ला दिवसभर काळोख. कड्यावरच्या गणपतीच्या बाजूने ढग उतरले ते हललेच नाहीत. पॅनेलं दोनशे-अडीचशे वॅट. दिवसभराची कमाई दिवसभरातच खर्च, संध्याकाळी २७. रात्री पंखे बंद, राउटर बंद, फ्रिजचं दार उघडायचं नाही असा आईंचाच हुकूम, मग मध्यरात्री मी फ्रिजही काढला. २३ला पहाटे १५. इन्व्हर्टर १०ला सगळं बंद करतो.

सकाळी आठला लाइन आली. सगळ्यांनी मोबाईल लावले, पंप लावला, आईंनी दोन वेळचं वाटण करून घेतलं. साडेदहाला अप्पा पडवीतून म्हणाले, "लाइट आलेत, मग ही अजून अठरावरच कशी?"

ग्रिडवरून चार्जिंग मी मार्चमध्ये बंद करून ठेवलं होतं. तेव्हा ते बरोबरच होतं. विकत घेतलेल्या विजेने बॅटरी कशाला भरा. अडीच तास लाइन घरात होती आणि बॅटरी ढगांकडे बघत बसली होती. धावत जाऊन सेटिंग चालू केलं, करंट ५०. चाळीस मिनिटांत ४९वर आली आणि लाइन पुन्हा गेली. अजून आलेली नाही. वादळी पट्टा आज रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनाऱ्यावर चढला म्हणतात. आमच्या आवारात दोन पोफळी आडव्या.

इन्सुलिनच्या कप्प्यात आत्ता ७ अंश.

२६ मे

लाइन दुपारी आली. मान्सून कालच कोकणात पोहोचल्याचं जाहीर झालं, नेहमीपेक्षा दहाबारा दिवस आधी. माझं वेळापत्रक ७ जूनच्या हिशेबाचं होतं.

इन्व्हर्टरच्या झाकणावर आतून कागद चिकटवलाय, अप्पांना दिसेल अशा अक्षरात. "ऑरेंज किंवा रेड अलर्ट: मर्यादा १००. संध्याकाळचं रिकामं करणं बंद. ग्रिड चार्ज चालू." तिन्ही बटणं अप्पांकडून दोनदा करून घेतली.

१५ जून

पावसाळी मांडणी. वरची मर्यादा १००, ८०च्या खाली फक्त लाइन गेल्यावर. दिवसाला तीन ते पाच युनिटं येतात, ती घरातच संपतात. निर्यात नाही, त्यामुळे व्होल्टेजचा प्रश्नही नाही. भरून ठेवल्याने ती लवकर म्हातारी होते हे खरं, पण माजघरात २७ अंश आहेत. मे महिन्यातलं शंभर आणि जुलैतलं शंभर यांत फरक आहे. उन्हाळ्यातली जमा युनिटं बिलात उतरायला लागली. स्थिर आकार मात्र कितीही वीज बनवली तरी भरावाच लागतो.

पॅनेलांच्या एका जोडणीत हिरवा गंज. बदलली. इन्व्हर्टरच्या जाळीत पालीची अंडी. ती तिथेच राहू दिली, अप्पांनी पंखा साफ करायला नकार दिला.

३१ ऑगस्ट

गणपतीत घरात चौदा माणसं. आरतीच्या वेळी दोनदा लाइन गेली, मुंबईकरांना कळलंही नाही. एक भाचा: "मामी, लाइट जातच नाहीत का आता इथे?" अप्पांनी त्याला इन्व्हर्टरपाशी नेऊन अर्धा तास बसवला.

१२ ऑक्टोबर, रविवार

ऊन परतलं, दुपारचं वेळापत्रकही परतलं. सकाळी ५०, अकरानंतर ८०, १० ॲम्पिअर. एक बदल: संध्याकाळी रिकामी करायची ती दुसऱ्या दिवशी ऊन असेल तरच. अंदाज बघायचं काम अप्पांनी मागून घेतलंय. मोबाईलवर बघतात आणि मग पडवीत जाऊन आभाळही बघतात. दोघांचं पटलं नाही तर आभाळाचं ऐकतात.

बाळूकाकांकडे पुढच्या महिन्यात ३ किलोवॅट बसतंय. आमच्याच तारेवर, आमच्या एक खांब अलीकडे. बॅटरी नाही. म्हणजे दुपारचे २५० परत २५४ होणार, आणि आमच्या १० ॲम्पिअरने ते आवरणार नाहीत. आज त्यांच्याकडे वही घेऊन गेले. मार्चचे आकडे दाखवले, जंपरचा तो तुकडा दाखवला. काकूंनी विचारलं, "मग आम्ही काय करायचं?"

ठरलं ते असं: बारा ते पाऊण आमचा पंप, पाऊण ते दीड त्यांचा. त्यांची गिरण दुपारी चालवता येते का ते बघून सांगतो, असं काका म्हणाले.